नजरेसमोरचा धोका: विमानप्रवास आणि पॉवर बँक

विमानाने जाताना पॉवर बँक चेक-इन सामानात टाकता येत नाही. ती हँडबॅगेतूनच न्यावी लागते. मुंबई-पुण्यापासून नागपूर आणि मोपापर्यंत कोणत्याही विमानतळावर हाच नियम आहे आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो बहुधा उलटा वाटतो. पेट घेण्याची भीती असलेली वस्तू माणसांपासून लांब, विमानाच्या पोटात ठेवायची सोडून प्रवाशाच्या पायाशी कशाला ठेवायची? चाकू-कात्री खाली जाते आणि पॉवर बँक वर येते, हे कसे? याचे उत्तर धोक्याच्या स्वरूपात आहे. चाकूचा धोका तो वापरणाऱ्या हातात असतो, म्हणून तो हातापासून दूर ठेवला की भागते. पॉवर बँकेचा धोका तिच्या आतच असतो आणि कुणी हात न लावताही तो जागा होऊ शकतो. तसे झालेच तर ते लगेच दिसावे आणि तिथे कुणाचा तरी हात पोहोचावा, यासाठी ती वर ठेवायची.

टाळता न येणारा धोका निदान नजरेसमोर आणि हाताच्या अंतरावर ठेवावा, या तत्त्वावर हे सारे नियम उभे आहेत. २०२५ मध्ये अनेक देशांनी आणि विमान कंपन्यांनी पॉवर बँकेवर जे नवे निर्बंध घातले, त्यांची पारखही याच तत्त्वावर करायला हवी. धोका उघड्यावर आणणारा नियम उपयोगाचा. प्रवाशाला ती वस्तू लपवावीशी वाटेल असा नियम मात्र कागदावर कितीही कडक दिसला, तरी विमानाला अधिक असुरक्षित करतो.

पॉवर बँकेच्या आत मुख्यतः तीन गोष्टी असतात: एक किंवा अनेक लिथियम-आयन सेल, चार्जिंगवर लक्ष ठेवणारे छोटे सर्किट आणि बाहेरचे आवरण. लिथियम-आयन सेल सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कमी वजनात भरपूर ऊर्जा साठवणे हा या सेलचा मोठा गुण. मोबाइल, लॅपटॉप आणि विजेवरची दुचाकी शक्य झाली ती या गुणामुळे, आणि आगीची भीतीही याच गुणातून येते.

सेलमध्ये दोन लांब पट्ट्या गुंडाळलेल्या किंवा घड्या घालून बसवलेल्या असतात. एक तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा थर दिलेली, दुसरी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूंच्या ऑक्साइडचा थर दिलेली. दोहोंच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. त्याची जाडी काही मायक्रोमीटरपासून पंचवीसेक मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. हे सगळे ज्या द्रवात भिजलेले असते तो द्रव ज्वलनशील असतो. पडदा शाबूत आहे तोवर सेल निमूटपणे काम करतो. तो कुठे फाटला, वितळला किंवा कारखान्यातच आत राहिलेल्या धातूच्या कणाने टोचला गेला, की दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात, शॉर्ट सर्किट होते आणि त्या जागी उष्णता साचू लागते. ठरावीक तापमानापलीकडे सेलमधली रसायने स्वतःच उष्णता बाहेर टाकू लागतात. त्या उष्णतेने पुढची क्रिया आणखी वेगाने होते आणि मग ती बाहेरून थांबवता येत नाही. तंत्रज्ञ याला थर्मल रनअवे म्हणतात. तापमान काही सेकंदांत शेकडो अंशांवर जाते, सेल फुगून फुटतो आणि जळते वायू बाहेर फेकले जातात. शेजारचा सेल तापला की त्याचीही तीच गत होते.

ही आग लाकडाच्या किंवा कापडाच्या आगीसारखी वागत नाही. साधी आग हवा तोडली की विझते. इथे बऱ्याच प्रकारच्या सेलमधले धातूचे ऑक्साइड तापल्यावर स्वतःच ऑक्सिजन सोडते. त्यामुळे वरच्या ज्वाळा दबल्या तरी आतली क्रिया चालू राहते आणि थोड्या वेळाने आग पुन्हा भडकू शकते. तिच्यावर खरा उतारा एकच, उष्णता काढून घेणे; आणि त्यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे भरपूर पाणी.

ऊर्जेचा आकडाही लक्षात घेण्यासारखा आहे. बाजारात सर्रास मिळणारी २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक पूर्ण भरलेली असताना सुमारे ७४ वॉट-अवर वीज साठवते. पाऊण लिटरहून थोडे अधिक पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी ही ऊर्जा आहे, आणि सेलमधले ज्वलनशील पदार्थ जळून निघणारी उष्णता त्यात धरलेली नाही. मोकळ्या मैदानात ही आग किरकोळ ठरेल. कपड्यांनी ठासलेल्या बॅगेत, तशाच शेकडो बॅगांच्या मध्ये आणि जमिनीपासून दहा किलोमीटर उंचीवर तिचा अर्थ बदलतो.

विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात धूर ओळखणारी यंत्रणा असते आणि हॅलॉन नावाचा वायू सोडून आग दाबण्याची सोयही असते. पण हॅलॉन ज्वाळा मारतो, तापलेला सेल थंड करत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, लॅपटॉपची बॅटरी सामानाच्या बॅगेत मुद्दाम तापवून चाचण्या केल्या. एका चाचणीत लॅपटॉपशेजारी केसांना मारायच्या ड्राय शाम्पूचा फवारा ठेवला होता. बॅटरी पेटली, डबा तापला आणि मिनिटभरातच स्फोट झाला. अशा वेगापुढे हॅलॉन अपुरा पडू शकतो, हे लक्षात आल्यावर २०१७ मध्ये मोठी इलेक्ट्रॉनिक उपकरणेही चेक-इन सामानात नेऊ देऊ नयेत, असा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडला गेला.

न दिसणाऱ्या जागी लागलेली आग काय करू शकते, हे मालवाहू विमानांनी आधीच दाखवून दिले होते. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून निघाले. उड्डाणानंतर काही मिनिटांनी सामानात आग लागल्याचा इशारा आला. त्या सामानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. धुराने कॉकपिट असे भरले की वैमानिकांना समोरची उपकरणेही दिसेनाशी झाली. परत फिरलेले विमान धावपट्टीवर उतरू शकले नाही आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. २८ जुलै २०११ रोजी एशियाना कंपनीचे मालवाहू ७४७ दक्षिण कोरियाच्या जेजू बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्यातही आग लागली होती, आणि सामानात लिथियम बॅटऱ्या व ज्वालाग्राही रसायने होती. तिथेही दोघांचा जीव गेला.

या अनुभवांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर बंदी घातली. मालवाहू विमानात त्या नेता येतात, पण ३० टक्क्यांहून अधिक चार्ज असता कामा नये, अशी अट घातली. अर्धवट भरलेला सेल पेटला तरी त्याची आग सौम्य असते, हा त्यामागचा हिशेब. आता याच्याशेजारी प्रवाशाची पॉवर बँक ठेवून पाहावी. माल म्हणून जाणारी बॅटरी नवी असते, संयुक्त राष्ट्रांच्या ठरीव चाचण्यांमधून उत्तीर्ण झालेली असते, नीट बांधलेली असते आणि एक तृतीयांशही भरलेली नसते. प्रवाशाच्या पिशवीतली पॉवर बँक दोन-तीन वर्षे वापरलेली, चार वेळा पडलेली आणि प्रवासाला निघायचे म्हणून रात्रभर लावून शंभर टक्के भरलेली असते. नियमांची सगळी कडक भाषा मालाच्या वाट्याला आली आणि दोहोंपैकी अधिक धोक्याची वस्तू प्रवाशाच्या सद्‍बुद्धीवर सोडली गेली. या विसंगतीची किंमत नंतर मोजावी लागली.

सुरक्षेच्या दोन कल्पनांमध्ये ओढाताण कशी होते, तेही २०१७ मध्ये दिसले. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने दुबई, अबू धाबी, दोहा यांसह दहा विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत मोबाइलपेक्षा मोठी इलेक्ट्रॉनिक उपकरणे केबिनमध्ये आणायला मनाई केली. लॅपटॉपमध्ये स्फोटके दडवली जातील, ही भीती होती. मुंबईहून आखाती मार्गाने अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशांना लॅपटॉप खालच्या सामानात टाकावे लागले. घातपाताचा विचार करणाऱ्यांनी बॅटऱ्या खाली पाठवल्या, तर आगीचा विचार करणारे नेमके तेच करू नका म्हणत होते. काही महिन्यांतच, तपासणीच्या वाढीव अटी घालून, ही बंदी मागे घेण्यात आली.

केबिनमध्ये सेल पेटला तर काय करायचे, याचे प्रशिक्षण केबिन कर्मचाऱ्यांना मिळालेले असते. आधी अग्निशामकाने ज्वाळा मारायच्या. मग लगेच पाणी, नाहीतर अल्कोहोल नसलेले हाताला येईल ते पेय, उपकरणावर ओतत राहायचे. बर्फ ठेवायचा नाही, कारण वरून झाकलेली उष्णता आतच कोंडते. धुमसणारे उपकरण लगेच उचलायला जायचे नाही. ते पुरते निवल्यावर पाण्यात बुडवून किंवा खास पिशवीत घालून त्यावर उरलेला प्रवासभर लक्ष ठेवायचे. मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा, अशी सूचना दिली जाते तीही याच कारणाने. विजेवर सरकणाऱ्या सीटच्या यंत्रणेत मोबाइल चिरडला की आतला पडदा फाटतो. या साऱ्या कृतींना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे आग पहिल्या काही सेकंदांत कुणाच्या तरी डोळ्यांना दिसणे. सामानकक्षात तेच होत नाही.

नियमांचे मूळ कलम समजायला फारसे अवघड नाही. पॉवर बँकेचे काम दुसऱ्या उपकरणाला वीज देणे हे असल्याने तिची गणना उपकरणात होत नाही, सुट्या बॅटरीत होते. सुटी बॅटरी चेक-इन सामानात कधीच चालत नाही. हँडबॅगेत १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची संमती लागते आणि अशा जास्तीत जास्त दोन नेता येतात. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. टर्मिनल उघडी असतील तर ती झाकावीत, म्हणजे बॅगेतल्या किल्ल्या-नाण्यांनी शॉर्ट सर्किट होणार नाही. चाकांच्या बॅगेतच बॅटरी बसवलेली असेल, तर ती काढता येण्याजोगी असावी लागते. हे सगळे आयकाओच्या तांत्रिक सूचनांमधून येते आणि भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, त्याची अंमलबजावणी करते.

अडचण सुरू होते ती आकड्यांच्या भाषेपासून. नियम वॉट-अवरमध्ये बोलतो आणि बाजार मिलिअँपिअर-अवरमध्ये. खोक्यावर मोठ्या अक्षरांत २०,००० लिहिलेले असते. वॉट-अवरचा आकडा पाठीवर बारीक टायपात असतो आणि वर्षभरात घासून जातो. हिशेब सोपा आहे: मिलिअँपिअर-अवरला सेलच्या व्होल्टेजने, म्हणजे बहुधा ३.७ ने, गुणायचे आणि हजाराने भागायचे. १०,००० चे ३७ वॉट-अवर होतात, २०,००० चे ७४, २७,००० चे शंभराच्या किंचित आत आणि ३०,००० चे १११. पण हा गुणाकार सिक्युरिटी चेकच्या रांगेत, ट्रे सरकत असताना, प्रवाशाने किंवा तपासनिसाने करावा ही अपेक्षा चुकीची आहे. आकडा पुसला गेला असेल तर वस्तू ठेवून घ्यायची की सोडायची, हे मग समोरच्या माणसाच्या मर्जीवर जाते.

त्याहून मोठा प्रश्न असा की १०० ही रेघ नेमके काय मोजते? आधीच्या नियमांत सेलमधल्या लिथियमच्या वजनाची अट होती; आठ ग्रॅमच्या त्या जुन्या मर्यादेचे साधारण रूपांतर म्हणजे हे १०० वॉट-अवर. आग लागलीच तर ती किती मोठी होईल, याचा अंदाज हा आकडा देतो. आग लागण्याची शक्यता किती, याबद्दल तो काहीच सांगत नाही. चांगल्या सेलची ९९ वॉट-अवरची पॉवर बँक वर्षानुवर्षे सुरळीत चालते आणि फुटपाथवरून घेतलेली, आतला सेल कुठून आला हे कुणालाच माहीत नसलेली १८ वॉट-अवरची पेटू शकते. नियमाने जे मोजायला सोपे ते मोजले. धोका ठरवणाऱ्या तीन गोष्टी, म्हणजे सेलचा दर्जा, त्याचे वय आणि त्याने खाल्लेला मार, मोजायला अवघड म्हणून बाजूलाच राहिल्या.

या ढिलाईला २८ जानेवारी २०२५ च्या रात्री धक्का बसला. दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर हाँगकाँगला निघायच्या तयारीत असलेल्या एअर बुसानच्या एअरबस ए३२१ विमानात, मागच्या बाजूच्या डोक्यावरच्या सामान कप्प्यातून धूर येऊ लागला. उड्डाणाला उशीर झाल्याने विमान जमिनीवरच होते. आतले १७६ जण आपत्कालीन घसरगुंड्यांवरून बाहेर पडले आणि सगळे वाचले, पण विमानाचे छप्पर जळून गेले. मार्चमध्ये तपासाच्या अंतरिम निष्कर्षात पॉवर बँकेतले विद्युतरोधन बिघडून आग लागली असण्याची शक्यता नोंदवली गेली. इथे पॉवर बँक नियमाप्रमाणे केबिनमध्येच होती. तरीही ती बंद कप्प्यात, नजरेआड होती. केबिनमध्ये असणे आणि नजरेसमोर असणे यांत किती अंतर आहे, ते या आगीने दाखवले.

याच्याशी १९ ऑक्टोबर २०२५ ची एक घटना ताडून पाहता येते. दिल्लीहून दिमापूरला निघालेले विमान धावपट्टीकडे जात असताना एका प्रवाशाच्या सीटसमोरच्या खिशातल्या पॉवर बँकेने पेट घेतल्याचे वृत्त आले. शेजारच्यांना ते तत्क्षणी दिसले, केबिन कर्मचाऱ्यांनी आग लगेच विझवली, विमान परत फिरले आणि कुणालाही इजा झाली नाही. दोन्ही ठिकाणी वस्तू त्याच जातीची. एकीकडे ती डोक्यावरच्या कप्प्यात होती आणि विमान गेले. दुसरीकडे ती गुडघ्यासमोर होती आणि प्रवासाला फक्त उशीर झाला.

बुसाननंतर नियमांची रीघ लागली. दक्षिण कोरियाने १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली आणि १०० वॉट-अवरपर्यंतच्या पाचच नेता येतील असे ठरवले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून विमानात पॉवर बँक वापरणे आणि ती चार्ज करणे, दोन्ही बंद केले. जपानमध्ये जुलैपासून ती डोक्यावर न ठेवता जवळच ठेवायचा नियम आला. एमिरेट्सने १ ऑक्टोबरपासून माणशी एकच, तीही १०० वॉट-अवरखालची, आणि विमानात वापर नाही, अशी अट घातली. चीनने २८ जूनपासून देशांतर्गत विमानांत सरकारी ३सी प्रमाणचिन्ह स्पष्ट दिसत नसलेल्या किंवा कंपनीने परत मागवलेल्या पॉवर बँका बंद केल्या. भारतात डीजीसीएने पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हँडबॅगेत, डोक्यावरच्या कप्प्यात नाही, आणि विमानात पॉवर बँकेवर चार्जिंग नाही, असे निर्देश दिले.

जागेचा नियम यांत सर्वांत भक्कम आहे. त्याला खर्च नाही, यंत्र लागत नाही, आणि प्रवाशाला कारण एका वाक्यात सांगता येते. पण त्याला एक मोठी गळती आहे. विमान भरलेले असले आणि वरचे कप्पे संपले, की शेवटी चढणाऱ्या प्रवाशांच्या हँडबॅगा दारातच टॅग लावून खाली पाठवतात. रांग खोळंबलेली असते, कर्मचारी घाईत असतात, आणि पॉवर बँक बॅगेच्या तळाशी असते. सिक्युरिटी चेकमध्ये केबिनची म्हणून पास झालेली बॅग अशी थेट सामानकक्षात पोहोचते. टॅग लावण्यापूर्वी पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या काढून घ्यायला लावणे ही सक्तीची पायरी झाली नाही, तर मूळ नियमाचा अर्थच उरत नाही.

वापराच्या बंदीमागेही कारण आहे. चार्ज होताना आणि देताना सेल तापतो, सदोष सेलला तेवढे निमित्त पुरते, आणि हलक्या दर्जाच्या पॉवर बँकेत तापमानावर नजर ठेवणारे सर्किट नावापुरतेच असते. ज्या विमानात सीटपाशी चार्जिंगची सोय आहे तिथे या बंदीने कुणाचे फारसे अडत नाही. स्वस्त तिकिटांच्या बऱ्याच विमानांत मात्र ती सोय नसते, आणि बोर्डिंग पास, हॉटेलचे बुकिंग, टॅक्सी सगळे मोबाइलमध्येच असते. अशा वेळी प्रवासी पॉवर बँक पांघरुणाखाली किंवा बॅगेत लपवून वापरेल, आणि कापडात गुंडाळलेला तापणारा सेल ही सगळ्यांत वाईट अवस्था आहे. बंदी घालणाऱ्या कंपनीने सीटपाशी वीज देणे हा त्या बंदीचाच भाग मानायला हवा.

संख्येच्या मर्यादेचा युक्तिवाद सरळ आहे: वस्तू कमी तर घटना कमी. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमावलीत सुट्या बॅटऱ्यांची मर्यादा माणशी २० इतकी सैल होती. ती घट्ट होणे योग्यच. पण २०२५ मध्ये कोरियात पाच, एमिरेट्सवर एक, आणखी कुठे दोन, अशा वेगवेगळ्या आकड्यांनी गोंधळ वाढला. मुंबईहून दुबईमार्गे सोलला जाणाऱ्या प्रवाशाला एकाच तिकिटावर दोन हिशेब सांभाळावे लागले. नियम पाठ राहत नाही तेव्हा लोक तो मोडतात असे नाही. ते अंदाजाने वागतात, आणि अंदाजाने वागणारा बहुधा वस्तू बॅगेत खोल ढकलतो. इथे कडकपणापेक्षा एकसारखेपणाचे मोल जास्त आहे.

दर्जाचा नियम धोक्याच्या मुळाशी जातो. चीनचा अनुभव मात्र त्याच्या मर्यादाही दाखवतो. जून २०२५ मध्ये रोमॉस कंपनीने सुमारे ४ लाख ९० हजार पॉवर बँका परत मागवल्या. अँकरने चीनमध्ये सात लाखांहून अधिक आणि अमेरिकेत अकरा लाखांहून अधिक. ही फुटपाथवरची नावे नव्हती. एका पुरवठादाराने परवानगीविना कच्चा माल बदलल्याचे अँकरने सांगितले. म्हणजे प्रमाणपत्र मिळते ते तपासलेल्या नमुन्याला, आणि दोष शिरतो तो नंतरच्या उत्पादनात. त्यामुळे प्रमाणचिन्हाला दोन गोष्टींची जोड हवी: कारखान्यातून निघणाऱ्या मालाची अचानक तपासणी आणि परत मागवलेल्या मालाची सहज सापडणारी यादी.

भारतात पॉवर बँकेला भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी आहे. नोंदणी क्रमांक वस्तूवर छापावा लागतो आणि ब्यूरोच्या ॲपवर तो पडताळता येतो. पण हवाई नियमाचा या क्रमांकाशी काही संबंध नाही. दुकानात एक खाते दर्जा पाहते, विमानतळावर दुसरे खाते आकार पाहते, आणि दोघांच्या मधून नोंदणी नसलेली वस्तू निवांत विमानात चढते. वॉट-अवरचा आकडा आणि नोंदणी क्रमांक न पुसला जाईल असा, आवरणावर कोरून, ठरावीक मापाच्या अक्षरांत देण्याची सक्ती केली, तर दोन्ही खात्यांचे काम एकाच नजरेत होईल. याचा भार उत्पादकावर पडेल, आणि तो तिथेच पडायला हवा. सेल कुठून आणला हे त्याला माहीत असते. प्रवाशाला ते कधीच कळू शकत नाही.

इतके सगळे करण्यापेक्षा पॉवर बँकेवर सरसकट बंदी का घालू नये, असा प्रश्न येतो. पहिली अडचण अशी की त्याच जातीचे सेल मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये, तसेच अनेक श्रवणयंत्रांत आणि कॅमेऱ्यांत आहेत. पॉवर बँक गेली तरी त्या साऱ्यांचा धोका राहतो. विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या मोठ्या बॅटऱ्यांना तर नियमांतच वेगळी जागा आहे, कारण त्याशिवाय काही प्रवाशांना विमानाने जाताच येणार नाही. दुसरी अडचण वागणुकीची आहे. हजार-दोन हजारांची वस्तू गेटवर सोडून द्यायची वेळ आली की काही जण ती घरूनच चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या घडीत दडवतील. त्यातल्या बहुतेक एक्स-रेमध्ये सापडतील, काही सुटतील, आणि सुटलेल्या नेमक्या तिथे असतील जिथे त्या कधीच असू नयेत. विमानातल्या धूम्रपानाचा इतिहास याला जवळचा आहे. अनेक देशांत धूम्रपान बंद झाले तरी विमानाच्या स्वच्छतागृहाच्या दारापाशी राखदाणी ठेवणे सक्तीचे राहिले, कारण कुणीतरी नियम मोडणारच आणि मोडला तर जळते थोटूक कागदांच्या टोपलीत पडू नये, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले.

उलट बाजूनेही आक्षेप येतो. रोज लाखो लोक पॉवर बँका घेऊन उडतात, बहुतेक घटना धूर, रिकामे अग्निशामक आणि परत फिरवलेले विमान इथेच संपतात. मग एवढा बाऊ कशाला? विमान वाहतूक आज सुरक्षित आहे याचे मोठे कारण असे की तिने किरकोळ वाटणाऱ्या घटना मोजल्या आणि मोठ्या होण्याआधी आवरल्या. शिवाय समुद्रावरून जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या धावपट्टीपासून तीन-तीन तासांच्या अंतरावरून उडण्याचीही परवानगी मिळू शकते. तिथे आटोक्याबाहेर गेलेल्या आगीला उतरण्याचा पर्याय नाही. शक्यता लहान आणि परिणाम प्रचंड, अशा ठिकाणी स्वस्त उपाय न करणे परवडत नाही, आणि पॉवर बँक पायाशी ठेवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

या सगळ्याचा मेळ घालायचा तर नियमांचा क्रम बदलावा लागतो. सुरुवात कारखान्यात व्हावी: दर्जाची तपासणी, न पुसणारा छाप, परत मागवण्याची चोख व्यवस्था. दुसरी पायरी तिकीट काढताना: मराठीसह प्रवाशाच्या भाषेत, चार ओळींत, सगळ्या कंपन्यांना समान नियम. तिसरी विमानाच्या दारात: खाली जाणाऱ्या प्रत्येक हँडबॅगेतून बॅटऱ्या बाहेर. चौथी सीटवर: पॉवर बँक हाताजवळ, वापर बंद, सीटपाशी वीज चालू. प्रवाशाकडून मग थोडकेच मागायचे उरते. फुगलेली, पडून चेपलेली किंवा विनाकारण तापणारी पॉवर बँक घरीच ठेवावी. निघण्यापूर्वी ती काठोकाठ भरू नये, कारण माल म्हणून जाणाऱ्या बॅटऱ्यांना लावलेला ३० टक्क्यांचा हिशेब रसायनशास्त्राचा आहे आणि तो हँडबॅगेतही खराच असतो. आणि वस्तू तापलेली, फुगलेली किंवा जळका वास देणारी वाटली, तर दंड होईल किंवा हसे होईल या भीतीने गप्प न बसता तत्काळ केबिन कर्मचाऱ्यांना सांगावे. हे सांगणे प्रवाशाला सोपे जाईल अशी व्यवस्था करणे हे नियामकाचे काम आहे, आणि आकड्यांच्या कोणत्याही मर्यादेपेक्षा विमानाची सुरक्षा त्यावर अधिक अवलंबून आहे.